शर्यतीच्या कबुतरांची निगा : ओल, दाटी आणि परके पाखरू

पंचवटीस व आसपासच्या खेड्यांत पारवा हे पाखरू कोणास अपरिचित नाही. देवळाच्या कळसावर, विहिरीच्या कपारीत, गोठ्याच्या आढ्यावर ते आपण होऊन राहते. शर्यतीचे कबुतर हे याच पारव्याच्या वंशातले; परंतु दूर नेऊन सोडले असता आपल्या ठिकाणी परत येण्याच्या गुणासाठी पिढ्यान् पिढ्या निवडून काढलेले. सन १८७०-७१ मध्ये पॅरिस शहरास वेढा पडला, तेव्हा बाहेरचे निरोप अशाच पाखरांनी शहरात आणले. आपल्या देशात ओडिशाच्या पोलिसांनी सन १९४६ मध्ये कोरापुट येथे निरोप्या कबुतरांचे खाते उघडले, आणि सन १९९९ च्या महावादळात तारा व दूरध्वनी बंद पडले असता त्या पाखरांचा उपयोग झाला. आज निरोप पोहोचविण्याचे काम उरले नाही. पण शर्यतीचा षोक कलकत्ता, चेन्नई, बंगळूर या शहरांत चालू आहे, व आपल्याकडेही कित्येक शेतकऱ्यांची मुले माडीवर ढाबळ बांधतात.

ढाबळ बांधणे सोपे. तिचा पहिला पावसाळा निभावणे कठीण. पिले मरू लागली म्हणजे लोक औषधाच्या बाटलीकडे धावतात. वस्तुतः बहुतेक रोग तीन दारांनी शिरतात : ओल, दाटी आणि परके पाखरू. ही तीन दारे ज्याने बंद ठेवली त्यास औषधाचे काम क्वचित पडते. हा विषय केवळ षोकिनांचा आहे असेही समजू नये. ज्याच्या अंगणात कोंबड्या आहेत त्याचे नुकसान शेजारच्या ढाबळीपासूनही होऊ शकते, ते कसे हे पुढे येईलच.

पहिले दार : ओल

आपल्याकडे पावसाचा वारा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून ढाबळीची पाठ पश्चिमेस व तोंड पूर्वेस किंवा आग्नेयेस ठेवावे. म्हणजे झड आत येत नाही आणि सकाळचे ऊन जमिनीपर्यंत पोहोचते. तळ भुईपासून दोन हात उंच घ्यावा. त्यायोगे ओल चढत नाही व उंदीर-मुंगसांसही आळा बसतो. हवा खालून आत यावी व छपराजवळून बाहेर जावी, परंतु पाखरांच्या अंगावर झोत येता कामा नये. निफाडाकडे हिवाळ्यात पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली जातो. कोरड्या ढाबळीतील धडधाकट कबुतर तेवढी थंडी सोसते. ओल्या अंगास लागणारा वाऱ्याचा झोत मात्र त्यास सोसत नाही.

विष्ठा रोज खरवडून काढावी. रक्ती हगवणीचे सूक्ष्म जंतू व जंतांची अंडी विष्ठेतून पडतात, पण पडताक्षणी ती रोग देण्याजोगी नसतात. ऊब व ओल मिळाली म्हणजे काही दिवसांनी तशी होतात. तेव्हा रोजची सफाई म्हणजे रोग पिकण्यापूर्वीच त्याची कापणी होय. ढाबळ पाण्याने धुण्याची हौस पावसाळ्यात करू नये. खरवडून वर चुन्याची भुकटी पातळ पसरावी.

दुसरे दार : दाटी

८ फूट लांब, ६ फूट रुंद व ७ फूट उंच खोलीत १६ ते २० पाखरांहून अधिक ठेवू नयेत. प्रत्येक जोडीस स्वतंत्र खण व प्रत्येक पाखरास बसावयास स्वतंत्र फळी असावी. मादी दोन अंडी घालते. नर व मादी आळीपाळीने बसून १७-१८ दिवसांत पिले निघतात. घरट्यास कुंभाराकडचे मातीचे परळ उत्तम. महिना होण्याच्या सुमारास पिले स्वतः दाणे टिपू लागली म्हणजे ती वेगळ्या खणात काढावीत. जोडप्यांस वर्षभर अंडी घालू देऊ नये. नर व माद्या काही महिने निरनिराळ्या ठेवाव्यात, म्हणजे पिसे झडण्याच्या काळात अंगात ताकद राहते.

दाणा दर पाखरामागे रोज सुमारे ३० ग्रॅम पुरतो. ज्वारी, बाजरी, मका व गहू यांबरोबर हरभरा, वाटाणा किंवा तूर व थोडी करडई मिसळावी. दाणा कोरडा, बुरशी नसलेला असावा. आडत्याकडचा भिजून वाळविलेला स्वस्त माल हा सर्वांत महाग पडतो. कबुतरास दात नाहीत. दाणा दळण्यास खडे लागतात. म्हणून शिंपल्यांचा चुरा, विटेची खडी व किंचित मीठ वेगळ्या भांड्यात नेहमी ठेवावे. पाणी रोज ताजे, व भांडे रोज घासलेले असावे. कबुतर चोच बुडवून पाणी ओढून पिते, तेव्हा भांडे बोटभर तरी खोल हवे, आणि त्यात विष्ठा पडू नये म्हणून वर झाकण हवे.

तिसरे दार : परके पाखरू

बाजारातून आणलेले, भेट आलेले किंवा वाट चुकून उतरलेले पाखरू कितीही देखणे असो, ते ३० दिवस दूर, निराळ्या पिंजऱ्यात ठेवावे व त्याचे दाणापाणी सर्वांच्या शेवटी करावे. शर्यतीच्या करंडीतून परत आलेले आपले स्वतःचे पाखरूही इतरांच्या पाखरांत मिसळून आलेले असते, हे विसरू नये. त्याचे कारण मानमोडी. कोंबड्यांत ज्यास राणीखेत म्हणतात त्याच विषाणूचा एक प्रकार कबुतरांत आढळतो. पाखराची मान पिळवटते, दाणा टिपताना चोच चुकते, विष्ठा पाण्यासारखी होते. यावर औषध नाही. लस आहे, व ती पशुवैद्याच्या सल्ल्याने वेळेवर टोचून घ्यावी. ज्याच्या घरी कोंबड्याही आहेत त्याने दोहोंची जागा, भांडी व झाडू निरनिराळी ठेवावीत.

इतर रोगांची ओळख अशी. घशात पिवळसर चिकट थर दिसल्यास तो एका सूक्ष्म जीवाचा रोग होय. आईबाप पिलांस गळ्यातील पिशवीत तयार होणारे दुधासारखे पोषण भरवितात, त्यातून व पाण्याच्या भांड्यातून तो पसरतो. चोच, डोळे व पाय यांवर फोड आल्यास देवी समजाव्यात. त्या मुख्यत्वे डासांमुळे पसरतात, म्हणून पावसाळ्यात खिडक्यांस बारीक जाळी हवी. पंख लोंबणे व सांधा सुजणे ही आतड्यांतून रक्तात गेलेल्या जंतूंची खूण असू शकते. कोणतेही प्रतिजैविक औषध सर्वांच्या पाण्यात अंदाजाने टाकू नये. रोग जात नाही व जंतू मात्र निर्ढावतात. चिमूटभर विष्ठा कागदात घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून आणण्याचे श्रम फार नाहीत.

बाहेरची संकटे

पाखरे दिवसभर मोकळी सोडू नयेत. तशी पाखरे शेतात उतरतात, आणि पेरणीच्या दिवसांत औषध चोळलेले बी किंवा फवारलेल्या द्राक्षबागेतले पाणी त्यांच्या पोटात जाते. सकाळी ठरलेल्या वेळी, दाणा देण्यापूर्वी सोडावीत व शीळ घालून परत बोलावून दाणा द्यावा. संक्रांतीच्या आठवड्यात मांजामुळे पंख व गळा कापतो, सबब त्या दिवसांत ढाबळ बंद ठेवणे शहाणपणाचे. सराव एकाच दिशेने व पायरीपायरीने द्यावा : प्रथम आडगाव, मग ओझर, मग पिंपळगाव, चांदवड व शेवटी मालेगाव. आजारी किंवा पिसे झडत असलेले पाखरू करंडीत घालू नये.

पाळणाऱ्याची काळजी

विष्ठेची व पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेल्याने काहींच्या फुप्फुसांस कायमची इजा होते. याच कारणावरून सन २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. खरवडताना नाकातोंडास चांगली मुखपट्टी बांधावी, धूळ उडू लागल्यास थोडे पाणी शिंपडावे, काम झाल्यावर हात धुवावेत. ढाबळ निजण्याच्या खोलीला लागून नसावी. दम्याचा मनुष्य व लहान मूल यांस सफाईस लावू नये. कोरडा खोकला व धाप टिकून राहिल्यास वैद्यास कबुतरे पाळत असल्याचे अवश्य सांगावे. काढलेली विष्ठा ताजी पिकास घालू नये. ती नत्राने तीव्र असल्याने मुळे जळतात. काडीकचऱ्यात कुजवून घातल्यास उत्तम खत होते.

ढाबळीचे दप्तर

जमिनीस जसा सात-बारा तसे ढाबळीस दप्तर हवे. शंभर पानी वहीत प्रत्येक पाखराच्या नावे एक पान : कड्याचा क्रमांक, जन्मतारीख, आईबाप, लस, आजार, औषध, व मृत्यू झाल्यास तारीख व खण. कडे पिलू सुमारे आठवड्याचे असतानाच पायात घालावे लागते, तेव्हा नोंदही त्याच दिवशी करावी. वर्षअखेर पाने चाळली की वही स्वतः बोलते. मेलेली पिले एकाच खणातली असली तर वर छप्पर गळते काय ते पाहावे. एकाच जोडीची असली तर त्या जोडीचा घसा तपासावा. परके पाखरू आल्यानंतरच्या महिन्यातली असली तर दार कोणी उघडे ठेवले ते कळते. स्मरणावर विसंबणारा दैवास बोल लावतो. नोंद ठेवणाऱ्यास कारण सापडते.

तात्पर्य, ढाबळ कोरडी, पाखरे मोजकी, परके पाखरू महिनाभर दूर आणि वही रोजची. इतके ज्याच्याने होणार नाही त्याने ही पाखरे पाळू नयेत. कारण आकाशात सोडल्यावरही जे पाखरू आपल्याच दारी परत येते, त्याच्यासाठी ते दार निरोगी ठेवणे हे पाळणाऱ्याचे देणे आहे.