गर्दीची तालीम

१ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेत हेल्थकेअर डॉट गव्ह ही आरोग्य विम्याची सरकारी वेबसाइट सुरू झाली आणि काही तासांतच तिने मान टाकली. त्या दिवशी एका वेळी सुमारे २.५ लाख लोक साइटवर होते. तयारी होती ५० ते ६० हजारांची. पहिल्या दिवशी विम्याची नोंदणी शेवटपर्यंत पोहोचली फक्त ६ जणांची. हा सहाचा आकडा पुढे अमेरिकी काँग्रेसच्या समितीने उघड केलेल्या टिपणांतून बाहेर आला.

गर्दीचा अंदाज चुकला, एवढे म्हणून हे प्रकरण मिटवता येत नाही. साइट खुली होण्याच्या काही दिवस आधी लोड टेस्ट, म्हणजे कृत्रिम गर्दी सोडून घेतलेली चाचणी, झाली होती. काहीशे आभासी वापरकर्ते एकदम लॉगिन करू लागताच यंत्रणा कोसळली होती. इशारा मिळाला, पण दुरुस्तीला वेळ उरला नव्हता. सगळे भाग जोडून केलेली एकत्रित चाचणी शेवटच्या दोन आठवड्यांत उरकण्यात आली होती. त्यात आणखी एक भर पडली. खाते न उघडता योजना पाहण्याची सोय ऐनवेळी बाजूला ठेवली गेली. त्यामुळे नुसते दर बघायला आलेल्यालाही आधी खाते उघडणे भाग पडले, आणि सारी गर्दी नेमक्या सर्वांत अरुंद दारावर येऊन आदळली.

म्हणूनच लोड टेस्टिंग हे उद्घाटनाच्या आदल्या आठवड्याचे काम मानू नये, हे इथे आग्रहाने सांगावेसे वाटते. नोंदणी, शोध, पैसे भरणे असा एखादा मार्ग कच्चा का होईना उभा राहिला, की त्याच दिवशी त्यावर थोडा भार टाकून पाहावा. लोकांचा मार्ग बदलणारा निर्णय झाला, अगदी एखादे बटण काढले, तरी जुना अहवाल रद्द समजून चाचणी पुन्हा करावी.

गर्दी किती, याइतकेच ती कशी येते हेही महत्त्वाचे. १६ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्रात दहावीचा निकाल दुपारी १ वाजता जाहीर झाला आणि निकालाच्या साइट कित्येक तास उघडेनात. परीक्षेला नोंदलेले विद्यार्थी १५ लाखांहून अधिक. वेळ आधी जाहीर झालेली, त्यामुळे घराघरांत बोटे एकाच मिनिटाला टेकणार. पान उघडले नाही की तीच माणसे पुन्हा पुन्हा रिफ्रेश करणार. अशा साइटवर अर्ध्या तासात हळूहळू भार चढवणारी चाचणी घेतली, तर ती दुपारच्या एक वाजून एका मिनिटाबद्दल काहीच सांगत नाही. शून्यावरून थेट शिखरावर नेणारी चाचणीही हवी. शिवाय अपयशी विनंती दोन-तीनदा पुन्हा पाठवणारी माणसे स्क्रिप्टमध्ये असली पाहिजेत.

चाचणीची माहितीही खरी हवी. निकाल पाहताना बैठक क्रमांक आणि आईचे नाव टाकावे लागते. सगळ्या आभासी वापरकर्त्यांनी तोच एक क्रमांक विचारला, तर उत्तर कॅशमधून झटकन मिळते, डेटाबेसला घाम फुटत नाही आणि अहवाल सुंदर दिसतो. हजारो वेगवेगळे क्रमांक, काही चुकीचे, काही अर्धवट टाइप केलेले, असा मालमसाला तयार करायला वेळ जातो. पण चाचणीचा खरा जीव तिथेच असतो.

याहून फसवी गोष्ट चाचणी घेणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चालीतच दडलेली असते. समजा, एक आभासी वापरकर्ता दर सेकंदाला एक विनंती पाठवतो आहे. पहिले मिनिटभर प्रत्येक उत्तर ०.१ सेकंदात येते. मग सर्व्हर ६० सेकंद गोठतो. जेमीटर या लोड टेस्टिंगच्या साधनातला साधा थ्रेड, म्हणजे एक आभासी वापरकर्ता, उत्तर येईपर्यंत पुढची विनंती पाठवतच नाही. नोंद होते ६० जलद उत्तरांची आणि एका रखडलेल्या उत्तराची. सरासरी निघते जेमतेम १.१ सेकंद. खरी माणसे मात्र एकमेकांसाठी थांबत नाहीत. त्या गोठलेल्या मिनिटातही दर सेकंदाला कोणी ना कोणी आलेच असते. एक ६० सेकंद ताटकळला असता, पुढचा ५९, त्याच्या पुढचा ५८. त्या ६० जणांचीच सरासरी काढली तर ती ३० सेकंदांच्या घरात जाते.

या दोषाला सॉफ्टवेअर अभियंते गिल टेने यांनी ‘कोऑर्डिनेटेड ओमिशन’ असे नाव दिले आणि तो टाळणारे डब्ल्यूआरके२ हे साधन लिहिले. के६ या दुसऱ्या साधनातही ‘कॉन्स्टंट अरायव्हल रेट’ निवडता येतो. मग सर्व्हर उत्तर देवो न देवो, विनंत्या ठरल्या वेगाने सुटत राहतात. मात्र त्यासाठी आभासी वापरकर्ते पुरेसे राखून ठेवावे लागतात, नाहीतर विनंत्या गळतात आणि गळालेल्यांचा आकडा बघायचा राहून जातो. जेमीटर वापरणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे: खिडकीवाल्या रूपात फक्त स्क्रिप्ट बनवावी, प्रत्यक्ष भार कमांड लाइनवरूनच टाकावा. जेमीटरची स्वतःची मार्गदर्शिकाही हेच बजावते. भार पाठवणारे मशीनच धापा टाकू लागले, तर मोजले जाते ते त्याचेच दुखणे.

अहवाल हाती आला की मी सरासरी सर्वांत शेवटी वाचतो. आधी ९५वा आणि ९९वा परसेंटाइल, मग चुकांचे प्रमाण, आणि त्याच वेळचे डेटाबेस कनेक्शनचे आलेख.

एवढे सगळे जमूनही घात होतो. ऑस्ट्रेलियाच्या २०१६ च्या ऑनलाइन जनगणनेसाठी तासाला १० लाख फॉर्म पेलतील अशी यंत्रणा उभारली होती; अपेक्षित गरजेच्या दुप्पट क्षमता असल्याचे सांख्यिकी विभागाने सांगितले होते. ९ ऑगस्टच्या संध्याकाळी सेवा बंद पाडण्यासाठीचा एक छोटासा हल्ला झाला आणि एक राउटर बसला. तो पुन्हा सुरू केला, पण त्याची सेटिंग्ज जतन केलेली नसल्याने तो कामावर परतलाच नाही. अधिकाऱ्यांनी साइट बंद केली. ती उघडली ११ ऑगस्टला. फॉर्मचा भार मोजला गेला होता. राउटर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करण्याची चाचणी मात्र झाली नव्हती. म्हणून भार शिखरावर असताना एक सर्व्हर मुद्दाम पाडावा, डेटाबेसची दुसरी प्रत बंद करावी, राउटरची वीज काढून पुन्हा द्यावी, आणि सगळे ठिकाणावर यायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून लिहून ठेवावे.