पित्ताची पिशवी काढली, तरी सावध राहा



गटात फिरताना "साहेब, खड्यांसकट पिशवीच काढली, आता काळजी मिटली," असे पुष्कळजण सांगतात. मीही तसेच समजत होतो. ऑपरेशननंतर तिसऱ्या वर्षी, ऐन गळितात थंडी वाजून ताप आला, उजव्या बरगडीखाली कळ उठली, डोळे पिवळे झाले. मी आठ दिवस काविळीचा झाडपाला घेत बसलो. दवाखान्यात नेले तेव्हा जंतू रक्तात गेले होते. थोडक्यात वाचलो.

असे का होते? तळे बुजवले तरी पाट राहतोच. पित्त यकृतात तयार होते व पित्तनलिकेतून आतड्यात जाते. या नळीत राहून गेलेला किंवा नव्याने झालेला खडा काही महिन्यांनी, वर्षांनीही अडकतो. क्वचित ऑपरेशनमध्ये इजा झालेली नळी पुढे आकसते. मग पित्त तुंबते व त्यात जंतू वाढतात.

लक्षणे ध्यानात ठेवा : (१) पोटात उजवीकडे वर कळ, (२) थंडी-ताप, (३) कावीळ, लघवी गडद, शौचास पांढरट. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा, ऑपरेशनचे कागद बरोबर न्यावेत. रक्त व सोनोग्राफी तपासतात. खडा बहुधा तोंडावाटे दुर्बीण घालून निघतो, पोट उघडावे लागत नाही.

जुलाब टिकून राहिले किंवा टाक्यांजवळ फुगवटा आला, तर तेही दाखवावे.

तोड चार दिवस मागेपुढे झाली तर चालेल. हे दुखणे थांबत नाही.

— ऊस विकास अधिकारी