जुन्या गाडीला जोर : आधी काय, मग काय

कोल्हापूर-इचलकरंजी फेऱ्या मारणाऱ्या आम्हा कापडवाल्यांपैकी काहींकडे अजून मारुती एस्टीम आहे. ही गाडी १९९४ ते २००७ या काळात बनली. इंजिन १२९८ सीसीचे. घरातील मुले म्हणतात, हिला जोर आणू या. जरूर आणावा, पण हिशेबाने.

१) प्रथम उद्यमनगरातील जाणत्या मेस्त्रीकडून इंजिनाचे कॉम्प्रेशन तपासावे. चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे नसतील तर पुढचा खर्च फुजूल. ठीक असतील तर एअर फिल्टर, प्लग व ऑइल बदलावे. गेलेला जोर बराचसा एवढ्यानेच परत येतो.

२) मग टायर आणि ब्रेक. टायरवरील २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. जुना, कडक टायर नक्षी असूनही पावसात घसरतो. ब्रेक ऑइल ओल शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावे. नाहीतर गगनबावड्याचा घाट उतरताना ते उकळते व ब्रेक लागत नाही.

३) डिकीतला चाळीस किलोचा गठ्ठा उतरवावा. पिकअप वाढतो, खर्च शून्य.

४) मोठ्या आवाजाचा सायलेन्सर टाळावा. जोर नाममात्र वाढतो. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात बेकायदा फेरबदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पंधरा वर्षांनी नोंदणी वाढवताना आरटीओत गाडी तपासली जाते, तेव्हाही अडचण येते.

मुलांच्या हाती पैसे देण्यापूर्वी हा क्रम त्यांना समजावून द्यावा.