मागच्या चाकाचा नट : किती आवळायचा, कसा आवळायचा



दुधाचा कॅन डेअरीवर न्यायचा असो, गटाचा भरणा बँकेत करायचा असो, की लेकराला दवाखान्यात न्यायचं असो, घरातली मोटारसायकलच कामाला येते. कुणी मागे बसते, कुणी स्वतः चालवते. पंक्चर काढून किंवा चेन सेट करून गाडी घरी आली की आपण हवा बघतो. मागच्या चाकाचा नट मात्र कुणी बघत नाही. म्हणून या वेळचा धडा त्या नटाचा.

नटाचं काम काय?

चाकाच्या मधून एक लोखंडी दांडा आरपार जातो, तो एक्सल. तो दोन्ही बाजूंनी चिमट्यात बसतो आणि नट त्याला दाबून धरतो. चेन सेट करताना नट सैल करून चाक मागे-पुढे सरकवतात. नंतर तो नीट आवळला नाही, तर ओझं पडल्यावर चाक एका अंगाला सरकतं, गाडी मागून डोलते, चेन उतरते. उतरलेली चेन अडकली तर चालत्या गाडीचं चाक जाम होतं.

"मग जोर लावून आवळू या की!" तेही चुकीचंच. जास्त आवळला की आटे जातात, आणि आटे गेलेला नट चाक धरून ठेवू शकत नाही.

किती आवळायचा?

गाडीच्या पुस्तकात आकडा असतो, न्यूटन मीटरमध्ये. प्रत्येक गाडीचा वेगळा. समजा, ६० लिहिलंय. ३० सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण २० किलोचा जोर दिला की तेवढं होतं. २० किलो म्हणजे पाण्याचा भरलेला मोठा जार. पाना १५ सेंटीमीटरचा असेल तर दुप्पट जोर लागेल. आणि ६० किलोचा माणूस ३० सेंटीमीटरच्या पान्यावर उभा राहिला, तर नट तिप्पट आवळला जाईल! म्हणून पान्यावर पाय नको, पाइप लावणंही नको. टॉर्क पाना मिळाला तर सगळ्यात चांगलं, त्यावर आकडा लावता येतो.

कसा आवळायचा?

१. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा. चावी काढा, गिअर न्यूट्रल करा, सायलेन्सर थंड होऊ द्या.

२. आटे कापडाने पुसा. ऑइल लावू नका. ऑइल लागलेला नट त्याच जोरात जास्त आवळला जातो.

३. दोन्ही बाजूंच्या चेन ॲडजस्टरच्या खुणा सारख्या आहेत का बघा. एक पुढे, एक मागे असेल तर चाक तिरकं बसतं.

४. खालची चेन मधोमध बोटाने वर-खाली करून बघा. बऱ्याच १००-१२५ सीसीच्या गाड्यांना २ ते ३ सेंटीमीटर ढील लागते. नेमका आकडा पुस्तकात बघा. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी तपासा. फिरत्या चेनजवळ बोट, पदर, ओढणी नेऊ नका.

५. एकीने चाक मागून पुढे दाबून धरावं. दुसरीने एक्सलचं दुसरं टोक एका पान्याने धरून नट आवळावा.

६. नटात पिन असेल तर दर वेळी नवी टाका. भोक जुळत नसेल तर नट मागे फिरवू नका, किंचित पुढे आवळून जुळवा.

७. काही गाड्यांना चेनच्या बाजूला आणखी एक मोठा नट असतो. तो आणि मागच्या ब्रेकची पट्टी धरणारा नट सैल केला असेल, तर तेही विसरू नका.

८. शेवटी चेनची ढील पुन्हा बघा. चाक मागे सरकलं असेल तर ब्रेक घासतो, म्हणून चाक मोकळं फिरतं का आणि ब्रेक लागतो का, ते तपासा.

टॉर्क पाना नव्हता, तर गॅरेजमध्ये नेऊन एकदा खात्री करून घ्या. स्कूटीला चेन नसते आणि तिचा आकडाही वेगळा असतो. हा धडा चेनच्या गाडीचा आहे.

नेलपॉलिशची रेघ

नट बरोबर आवळला की नटावरून बाजूच्या चिमट्यापर्यंत नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. रोज निघताना नजर टाका. रेघ तुटलेली, सरकलेली दिसली म्हणजे नट हलला. मग पाना हातात घेतल्याशिवाय निघायचं नाही.

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या घरची गाडी बघून या. पंक्चर काढून झालं की गॅरेजवाल्या दादांना विचारायलाही लाजू नका, "नट किती आवळला?" त्या गाडीवर आपलीच माणसं बसणार आहेत.