हवेचेही माप असते

आमच्या वाचकांपैकी बरेच जण टायर, गॅरेज आणि सुट्या भागांच्या व्यवसायात आहेत. आजचा पाठ मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. ज्यांच्या दारात वेगवान गाडी उभी आहे त्यांनीही तो वाचावा. विषय साधा वाटेल: टायरमध्ये हवा किती भरावी? पण या प्रश्नाचे उत्तर कित्येक दुकानांत गाडीकडे न पाहताच दिले जाते. ‘पस्तीस मार दे’ म्हटले की काम संपले. अॅम्बॅसेडर आणि फियाटच्या काळात हे खपून गेले. त्या गाड्या जड चालीच्या, टायर उंच, वेग बेताचा. आज गिऱ्हाईक बदलले आहे.

आपल्या शहराला वेगवान गाड्या नव्या नाहीत. शेंद्र्याच्या कारखान्यात स्कोडाने 2001 साली ऑक्टाव्हिया बनवायला सुरुवात केली. तिचाच जोरदार अवतार, ऑक्टाव्हिया आरएस, 2004 मध्ये भारतीय बाजारात आला. ऑक्टोबर 2010 मध्ये तर तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच वेळी 150 मर्सिडीज गाड्या खरेदी झाल्या, सुमारे 65 कोटी रुपयांच्या. देशभरच्या वर्तमानपत्रांत ती बातमी गाजली. अशी गाडी पहिली काही वर्षे कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाते. वॉरंटी संपली, किंवा गाडी दुसऱ्या हातात गेली, की ती जालना रोडवरच्या किंवा बीड बायपासवरच्या दुकानासमोर उभी राहते. त्या वेळी दुकानदाराला नेमके काय ठाऊक असले पाहिजे, ते पाहू.

स्पोर्टी गाडीचा टायर रुंद आणि बुटका असतो. त्यावर 225/45 आर 17 असे लिहिले असेल, तर रुंदी 225 मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची तिच्या 45 टक्के, म्हणजे जेमतेम 10 सेंटिमीटर. या 10 सेंटिमीटरमध्ये सारा खेळ आहे. दीड टनाच्या आसपासची गाडी पेलणारी वस्तू रबर नसून आतली कोंडलेली हवा आहे. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते, वाकली की तापते, आणि तापत राहिली की आतले थर सुटू लागतात. खड्डा आला तर रिम थेट टायरला चिमटा काढते. मग भिंतीवर फुगा येतो किंवा अलॉय वाकते. उलट हवा जास्त झाली तर टायर मधोमध फुगतो, रस्त्याला टेकणारा भाग घटतो, पावसात ब्रेक लांबतो आणि मधली नक्षी आधी झिजते.

तर योग्य आकडा कुठे असतो? टायरच्या भिंतीवर नव्हे. तिथला आकडा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तो टायर कोणत्या गाडीला लागणार हे टायर बनवणाऱ्याला माहीत नसते. गाडीचा आकडा गाडीवरच असतो: चालकाच्या दाराच्या चौकटीवर, आणि काही युरोपीय गाड्यांत पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आत. तिथे सहसा दोन ओळी असतात, एक दोन-तीन माणसांसाठी आणि दुसरी भरलेल्या गाडीसाठी. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडेही वेगळे असू शकतात. माप कधी बारमध्ये, कधी किलोपास्कलमध्ये दिलेले असते. एक बार म्हणजे आपले साडेचौदा पौंड, आणि 100 किलोपास्कल म्हणजे एक बार. हा हिशेब दुकानाच्या भिंतीवर रंगवून ठेवावा. घाईत भल्याभल्यांचा गोंधळ होतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पट्टीवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास सावलीत उभी आहे, किंवा दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की कारच्या टायरमधला दाब साधारण दीड पौंडाने वाढतो. समजा सकाळी 25 अंशांना 33 पौंड भरले. गाडी समृद्धीवर तासभर धावली आणि टायरमधली हवा 60 अंशांवर गेली. आता मीटर 38 च्या वर दाखवील. हे बिघडलेले नाही. गाडी बनवणाऱ्याने हे धरूनच 33 लिहिले आहे. पण दुकानातला मुलगा ‘जास्त झाली’ म्हणून पाच पौंड काढून टाकतो आणि मालक समाधानाने निघून जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टायरमध्ये उरतात 28. त्याच 28 वर मालक पुन्हा महामार्गावर चढतो. आमच्या मते या धंद्यातली सर्वांत धोक्याची सवय हीच आहे, आणि ती चांगल्या हेतूने घडते म्हणून सुटत नाही. तापलेल्या टायरची हवा काढू नये. तापलेला असूनही पट्टीच्या आकड्यापेक्षा कमी दाखवत असेल, तर थंड आकड्यापेक्षा चार पौंड वर भरून द्यावी, पंक्चर आहे का ते पाहावे, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तपासायला बोलवावे.

ऋतूचाही असाच हिशेब आहे. मे महिन्याच्या पहाटे बरोबर भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे, काही न गळताही, दोन पौंडांनी कमी भरते. त्यात दर महिन्याला थोडी हवा आपोआप झिरपतेच. म्हणून महिन्यातून एकदा, आणि लांबच्या प्रवासाआधी हमखास तपासावे.

समृद्धी महामार्गाचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला आणि जून 2025 मध्ये पूर्ण 701 किलोमीटरचा रस्ता खुला झाला. सावंगी किंवा माळीवाड्याहून चढले की काँक्रीटवर मोटारीला ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. ना सिग्नल, ना गाव, ना टायरला विसावा. 2023 मध्ये परिवहन विभागाला प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासण्याची मोहीम घ्यावी लागली. मात्र प्रत्येक अपघाताचे खापर टायरवर फोडणेही बरोबर नाही. 1 जुलै 2023 रोजी सिंदखेडराजाजवळ 25 जणांचा बळी घेणाऱ्या बसबद्दल चालकाने टायर फुटल्याचे सांगितले होते. परिवहन कार्यालयाच्या तपासणीत तसा पुरावा आढळला नाही.

तरुण गिऱ्हाईक हमखास म्हणेल, ‘कमी हवा ठेवा, ग्रिप वाढते.’ शर्यतीच्या मैदानावर चालक थंड असताना कमी हवा ठेवतात, कारण दोन-चार फेऱ्यांत टायर तापून दाब हव्या त्या आकड्यावर येतो. तिथे दर थोड्या वेळाने मोजणारा माणूस उभा असतो. घरच्या चार माणसांना घेऊन शिर्डीकडे जाणाऱ्याला ही युक्ती लागू नाही. वेगाने जायचे आणि गाडी भरलेली असेल तर पट्टीवरची दुसरी ओळ पाळावी. एवढे त्याला शांतपणे सांगावे, वाद घालू नये.

टायर बदलून दिला असेल तर आणखी एक बारकावा आहे. आकारापुढे 91 किंवा 94 असा भार दाखवणारा आकडा असतो. 91 म्हणजे 615 किलो, 94 म्हणजे 670 किलो. 94 सोबत ‘एक्सएल’ लिहिले असेल तर टायर मजबूत खरा, पण 670 किलो तो सुमारे 42 पौंड हवेवर पेलतो, तर साधा 91 आपले 615 किलो सुमारे 36 वर. तेव्हा साध्याच्या जागी एक्सएल बसवला आणि हवा जुनीच ठेवली, तर क्षमता वाढण्याऐवजी किंचित घटते. दीड-दोन पौंड वाढवले की बरोबरी होते.

नायट्रोजनबद्दल फार लिहीत नाही. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. तो कोरडा असतो आणि हळू झिरपतो, एवढा फायदा खरा. पण उष्णतेने तोही हवेइतकाच फुगतो. गिऱ्हाईकाला याहून जास्त सांगून पैसे घेऊ नयेत.

हवेचा इशारा देणारा दिवा मात्र समजून घ्यावा. काही गाड्यांत व्हॉल्व्हला सेन्सर जोडलेला असतो. तिथे टायर उतरवताना लोखंडी पट्टी बेताने चालवावी, शक्यतो मशीनच वापरावे. इतर गाड्या चाकांच्या फिरण्यातला फरक पाहून अंदाज करतात. त्यांना हवा भरल्यावर ‘हाच दाब बरोबर’ असे बटण किंवा पडद्यावरून शिकवावे लागते. चुकीच्या हवेवर ते बटण दाबले तर गाडी चुकीचाच आकडा खरा मानून बसते आणि दिवा वेळेवर लागत नाही. म्हणून आधी मीटरने चारही टायर, मग बटण. आणि तो मीटर स्वतः किती खरा आहे, हे दुसऱ्या चांगल्या मीटरशी अधूनमधून ताडून पाहावे. रोज शंभर वेळा आपटला जाणारा मीटर दोन-तीन पौंड सहज खोटे बोलतो.

डिकीतला पाचवा टायर बहुतेक जण विसरतात. तो अरुंद, तात्पुरत्या वापराचा असेल तर त्याला साधारण 60 पौंड, म्हणजे 4.2 बार हवा लागते. आकडा त्याच्यावरच लिहिलेला असतो. चाक बसवून देताना ताशी 80 च्या वर जाऊ नका, हे मालकाला सांगावे, आणि मूळ टायर दुरुस्त करून कधी मिळेल ती वेळ चिठ्ठीवर लिहून द्यावी.