शेतकऱ्याचा वारसा व त्याची आगाऊ व्यवस्था

आपल्या पश्चात जमिनीवर सरकार किती कर घेईल, ही विवंचना पुष्कळ वडीलधाऱ्यांस असते. आज तिला आधार नाही. भारतात १९५३ साली मृत्युकराचा कायदा झाला व त्याचा सर्वांत वरचा दर पुढे ८५ टक्क्यांपर्यंत चढला. परंतु उत्पन्न अल्प आणि कटकट फार, असा अनुभव आल्याने १९८५ च्या मार्चपासून तो कर उठविण्यात आला. वारशाने अथवा मृत्युपत्राने मिळालेली मालमत्ता प्राप्तिकरासाठी वारसाचे उत्पन्नही धरली जात नाही. तरीसुद्धा वारसांची हानी होतेच. तिचे कारण घरातील अव्यवस्था होय.

गोंदिया, तिरोडा वा आमगाव तालुक्यातील धानउत्पादक खातेदार वारला आणि सातबारावर त्याचेच नाव राहिले, तर मुलास पीककर्ज काढताना आणि आधारभूत केंद्रावर धान घालताना अडचण पडते. दोन पिढ्या नोंद राहिली, तर वारसांची संख्या वाढून एका सहीसाठी दिवाणी न्यायालय गाठावे लागते. हा खर्च कोणत्याही करास भारी पडतो.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारल्यास १९५६ च्या कायद्याप्रमाणे त्याची स्वकष्टार्जित जमीन आई, पत्नी, मुलगे व मुली यांस समान मिळते. समजा, जमीन ६ एकर असून मागे आई, पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहेत. तर प्रत्येकास १ एकर ८ गुंठे येतील. वडिलोपार्जित जमिनीत २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः हिस्सेदार ठरली आहे, व त्यासाठी पिता २००५ साली हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. तेव्हा लेकीस वगळून केलेली व्यवस्था टिकेल, ह्या भरवशावर कोणी राहू नये. अनुसूचित जमातींस हा कायदा लागू नाही. देवरी, सालेकसा भागातील गोंड बंधूंनी आपल्या रूढीचा विचार जाणत्या वकिलाकडून करून घ्यावा.

व्यवस्थेचे मार्ग मुख्यतः तीन आहेत.

पहिला, मृत्युपत्र. त्यास मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या अवश्य पाहिजेत, व ज्यास लाभ द्यावयाचा त्यास साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, तथापि ती केलेली बरी. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते. मात्र ते आपल्या हिश्श्यापुरतेच चालते.

दुसरा, बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले वा नातवंडांस दिल्यास मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार व नोंदणीचा खर्च दुय्यम निबंधकाकडे आधी विचारून घ्यावा. दिलेले दान सहसा परत घेता येत नाही. म्हणून वृद्धांनी आपल्या पोटापाण्याची व शुश्रूषेची अट त्या पत्रातच स्पष्ट लिहावी. ती मोडल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली दाद मागता येते.

तिसरा, वाटणी. सर्व सहधारक राजी असल्यास जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ अन्वये तहसीलदाराकडे अर्ज करावा. प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडे पाडण्यास १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो, हे ध्यानात ठेवावे.

ज्यांची धानगिरणी वा दुकान आहे, त्यांनी अधिक सावध राहावे. वरील २०० रुपयांची सवलत गिरणीच्या इमारतीस मिळत नाही. भागीदारी असल्यास भागीदाराच्या मृत्यूनंतर पेढी चालू राहील की मोडेल, हे करारपत्रात लिहिलेले असावे. बँकेतील नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, पण त्यामुळे ती मालक होत नाही. वारसाने पुढे गिरणी विकल्यास नफ्यावर कर लागतो व तो मोजताना मूळ मालकाची खरेदीकिंमत धरतात. यास्तव जुनी खरेदीखते जपून ठेवावीत.

खातेदार वारल्यावर वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावी, फेरफार मंजूर झाल्याची खात्री करावी आणि नवा सातबारा स्वतः वाचून पाहावा. परंतु ही पुढची गोष्ट झाली. ज्याच्या नावावर आज जमीन आहे, त्याने धानाची मळणी आटोपताच सातबारा, आठ-अ व खरेदीखते एकत्र काढावीत, मुलामुलींस समोर बसवावे आणि आपला विचार कागदावर उतरवावा. बंधाऱ्यास भगदाड पडण्याआधी माती घालणे हे आपणांस कोणी शिकवावयास नको.