जोंगा रोजच्या वापरात : जुन्या गाडीची निगा, सुधारणा आणि हिशेब

जबलपूरच्या रस्त्यावरून एखाद्या सकाळी जड, खर्जातला आवाज करीत लष्करी बांध्याची गाडी निघून जाते, तेव्हा शहरातील जुनी मंडळी वळून न पाहताही तिचे नाव सांगतात. ती जोंगा असते. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेम्ब्ली’ या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून हा सुटसुटीत शब्द घडला. जबलपूरची व्हेइकल फॅक्टरी १९६९ मध्ये स्थापन झाली आणि तेव्हापासून १९९९ पर्यंत भारतीय सैन्यासाठी जोंगा तेथे तयार होत राहिली. मूळ आराखडा जपानच्या निस्सान कंपनीच्या ‘पॅट्रोल’ या गाडीचा. (या नावाचा अर्थ गस्त असा आहे; इंधनाशी त्याचा संबंध नाही, जरी गाडीची तहान पाहून तसे वाटले तरी.) सहा सिलिंडरांचे, ३,९५६ घन सेंटिमीटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन, पुढे-मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि हवी तेव्हा चारही चाकांना ताकद देणारी रचना, असे तिचे स्वरूप होते.

युरोप-अमेरिकेत जुनी स्पोर्ट्‌स कार सांभाळून तीच रोज कामावर नेणाऱ्यांचा एक वर्ग आहे. आपल्याकडे स्पोर्ट्‌स कार मुळातच दुर्मीळ. बळकट इंजिन, साधी यंत्ररचना आणि चालविण्याचा निखळ आनंद यांसाठी जुनी गाडी बाळगणाऱ्या हौशी लोकांनी तिची जागा लष्कराच्या लिलावातून आलेल्या जोंगाला दिली. २०१९ मध्ये महेंद्रसिंह धोनी यांनी रांचीत जोंगा घेतल्यावर तर तरुण पिढीलाही हे नाव नव्याने कळले. मात्र रविवारी भेडाघाटापर्यंत फेरफटका मारणे वेगळे आणि रोज सकाळी मुलांना शाळेत सोडून पुढे कामावर जाणे वेगळे. दुसऱ्या प्रकारच्या वापरात गाडीवर खर्च कोठे आणि कोणत्या क्रमाने करावा, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक हौशी मालक येथेच चुकतात. ते सुरुवात इंजिनापासून किंवा रंगापासून करतात.

रोज चालणाऱ्या गाडीत पहिला मान ब्रेकचा. ड्रम ब्रेकची रचना उत्तम स्थितीत असली तर मध्यम वेगाला पुरेशी असते. पण वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत व्हील सिलिंडरमधील रबर कडक झालेले असते, नळ्या आतून गंजलेल्या असतात आणि ब्रेक ऑइलमध्ये पाणी मुरलेले असते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. घाटाच्या लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पॅडल एकाएकी पोकळ लागते. म्हणून सर्व सिलिंडरांची किट, नव्या नळ्या, नवे लायनर हे काम एकाच वेळी पुरे करावे आणि ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे. जुन्या गाड्यांत पुष्कळदा चारही चाकांचे ब्रेक एकाच जोडणीवर असतात. एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात. दोन स्वतंत्र जोडण्यांचा मास्टर सिलिंडर आणि व्हॅक्यूम बूस्टर जाणकार मिस्त्रीकडून बसवून घेतल्यास गाडीचा स्वभाव बदलत नाही, पण थांबण्याची खात्री वाढते. या कामात उधारउसनवारीचे सुटे भाग वापरू नयेत.

ब्रेकनंतर शीतकरणाकडे वळावे. जबलपूरचा मे महिना ज्याने अनुभवला आहे, त्याला याचे कारण सांगायला नको. गोलबाजारच्या गर्दीत गाडी मुंगीच्या गतीने सरकते, वारा लागत नाही आणि काटा लालकडे झुकू लागतो. अशा वेळी ‘थर्मोस्टॅट काढून टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसेल तर हिवाळ्यात आणि मोकळ्या रस्त्यावर इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, इंधन जास्त जळते व सिलिंडरची झीज वाढते; आणि बंद पडलेला रेडिएटर बंदच राहतो. रेडिएटरचा गाभा साफ करणे किंवा नवा भरून घेणे, पंख्याभोवती आच्छादन ठेवणे, पट्ट्याचा ताण पाहणे आणि साध्या नळाच्या पाण्याऐवजी कूलंट वापरणे हा खरा उपाय होय.

विजेच्या बाबतीत जुन्या गाडीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे तीस वर्षांत तीस जणांनी लावलेले जोड. चिकटपट्टीने गुंडाळलेल्या तारांच्या जंजाळातून ठिणगी उडाली आणि शेजारीच पेट्रोल झिरपत असले, तर पुढे काय होईल ते सांगण्याची गरज नाही. संपूर्ण वायरिंग फ्यूजसह नवे करावे. हेडलाइटसाठी रिले बसविला की पूर्ण वीजदाब दिव्यापर्यंत पोहोचतो आणि मूळ दिवेच लक्षणीय उजळ होतात. डायनमोऐवजी अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन या दोन सुधारणा रोजच्या वापरात फार उपयोगी पडतात. पॉइंट घासण्याची आणि पावसाळ्यात सकाळी गाडीला धक्का मारण्याची वेळ त्यामुळे क्वचितच येते. टायरवर कितीही नक्षी शिल्लक असली तरी त्याच्या भिंतीवरील चार अंकी खूण पाहावी. पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे असतात. जुने टायर आतून तडकलेले असतात.

इंधनाचा प्रश्न अलीकडच्या वर्षांत नव्याने उभा राहिला आहे. देशात २००० पासून शिशाविरहित पेट्रोल सर्वत्र आले आणि २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर येऊ लागले. सत्तर-ऐंशीच्या दशकात घडविलेल्या इंधननळ्या, पंपाचे पडदे आणि कार्बोरेटरमधील रबरी भाग इथेनॉल गृहीत धरून बनविलेले नव्हते. ते फुगतात, मऊ होतात आणि गळू लागतात. हे सर्व भाग इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवावेत, टाकी आतून साफ करून घ्यावी आणि गाडी महिनोन् महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नये. इथेनॉलमधील उष्मांक पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असल्यामुळे कार्बोरेटरचे मिश्रणही पुन्हा जुळवून घ्यावे लागते. भारत स्टेज दोनपूर्वीच्या पेट्रोल गाड्यांना प्रदूषण तपासणीत कार्बन मोनॉक्साइडसाठी ३ टक्क्यांची मर्यादा आहे. नीट जुळविलेला कार्बोरेटर ती पाळू शकतो.

आता इंजिनाचा मोह. जोंगा एका लिटरमध्ये चार-पाच किलोमीटर जाते, अशी तिची ख्याती आहे. महिन्याला ६०० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला ५ किलोमीटरच्या हिशेबाने १२० लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १०० रुपये धरले तरी ते १२,००० रुपये होतात. हा आकडा पाहून लिलावातून घेतलेल्या कितीतरी जोंगांमध्ये मालकांनी डिझेल इंजिने बसविली. कारखान्यानेही १९९६ मध्ये हिनो डिझेल इंजिनाची जोंगा नागरी ग्राहकांसाठी आणली होती. परंतु ती कारखान्यातून तशीच निघालेली गाडी होती. मालकाने परस्पर केलेला बदल निराळा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. नोंदणीपत्रात पेट्रोल आणि बॉनेटखाली ट्रकचे डिझेल इंजिन, अशा गाडीचे नूतनीकरण अडते. त्याहून गंभीर बाब विम्याची. न कळविलेल्या बदलामुळे अपघातानंतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. दरमहा काही हजार रुपये वाचविण्यासाठी केलेला हा व्यवहार एका अपघातात संपूर्ण गाडीचे मूल्य गमावू शकतो. म्हणून जोंगा घेताना ती मूळ इंजिनाची आहे की नाही, इंजिन व चासीचे क्रमांक नोंदणीपत्राशी आणि लिलावाच्या कागदांशी जुळतात की नाही, हे रंग पाहण्याआधी पाहावे. इंधनाचा खर्च झेपत नसेल तर ही गाडी आपल्यासाठी नव्हे, असे मान्य करणे स्वस्त पडते.

विम्यासंबंधी आणखी एक गोष्ट. पाच वर्षांहून जुन्या वाहनाचे विमा मूल्य ठरावीक घसाऱ्याच्या कोष्टकाने नव्हे, तर विमा कंपनी व ग्राहक यांच्या संमतीने ठरते. तेव्हा ब्रेक, वायरिंग, रेडिएटर यांवरील खर्चाच्या पावत्या आणि गाडीची छायाचित्रे जपून ठेवणाऱ्याची बाजू भक्कम राहते. त्रयस्थ पक्षाचा विमा मात्र अनिवार्य असून १,५०० घन सेंटिमीटरहून मोठ्या खासगी मोटारींसाठी १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात त्याचा हप्ता ७,८९७ रुपये ठरला.

इतक्या जुन्या वाहनासाठी बँकांचे वाहनकर्ज सहसा उपलब्ध नसते, कारण गाडीचे वय आणि परतफेडीची मुदत यांच्या बेरजेवर मर्यादा असते. अशा वेळी काही ग्राहक अधिक व्याजाच्या वैयक्तिक कर्जाकडे वळतात. हातात मुदत ठेव असल्यास तिच्यावर घेतलेले कर्ज बहुधा बरेच स्वस्त पडते. त्याहून सुज्ञपणाचा मार्ग म्हणजे गाडी घेण्यापूर्वी वर्षभर आवर्ती ठेव चालविणे. जमलेली रक्कम पहिल्या ब्रेक-वायरिंगच्या कामाला उपयोगी पडते, आणि रोजच्या देखभालीचा मासिक बोजा आपल्याला पेलतो की नाही याची परीक्षाही होते.

खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नव्याने करावी लागते. पंधरा वर्षांवरील मोटारीसाठीचे नूतनीकरण शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते. परंतु ती स्वीकारली की गाडी प्रदर्शने, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराची मुभा संपते. सत्तरच्या दशकाच्या आरंभी नोंदलेल्या जोंगाच्या मालकापुढे हा पर्याय आजच आहे. १९९९ मध्ये नोंदणी झालेल्या गाडीला मात्र पन्नास वर्षे २०४९ मध्ये पूर्ण होतील. तोवर तिच्या मालकाला दर पाच वर्षांनी परिवहन कार्यालयाची पायरी चढावी लागणार आहे.